सोमवारचा ताप

त्याला दर सोमवारी ताप यायचा. मंगळवारी नाही, शुक्रवारी नाही. सोमवारीच, आणि तोही संध्याकाळी, कामावरून घरी येऊन हातपाय धुऊन झाल्यावर. कौतुक वाटावं इतका वक्तशीर ताप. आधी तोंडात एक चव यायची, जिभेखाली कुणी जुनी किल्ली ठेवल्यासारखी. मग हुडहुडी भरायची, सांधे ठणकायचे, आणि गडी अंगावर दोन पांघरुणं ओढून भिंतीकडे तोंड करून पडायचा. सकाळी उठला की ठणठणीत.

"तुमचा ताप चांगला शिकलेला दिसतोय," बायको म्हणायची. "रविवारी तुमच्या मित्राकडे जेवायला जायचं असलं की येत नाही. सोमवारी मी पाण्याचं पिंप घासायला सांगितलं की लगेच हजर."

"अगं, खरंच थंडी वाजतेय."

"वाजू द्या. पिंप काय, मी घासते. सवय आहे."

आणि ती पिंप अशा आवाजात घासायची की शेजाऱ्यांनाही कळावं आज सोमवार आहे.

तो वेल्डर होता. कारखान्यात त्याला सगळे पोलाद म्हणत, आणि हे नाव त्यानं स्वतःच स्वतःला मिळवून दिलं होतं. कुणी खोकलं की हा छातीवर मूठ आपटायचा आणि म्हणायचा, "बघ, आत पोलाद आहे. धूर येतो, धडकतो, परत जातो." धूर परत गेलेला कुणी पाहिला नव्हता, पण माणूस इतक्या ठामपणे बोलत असेल तर शंका कशाला काढायची? हातही त्याचा तसाच होता. जिन्याच्या कठड्याला त्यानं मारलेला जोड बोटानं चाचपला तरी सापडायचा नाही.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. कठडे, जिने, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या तिथे तयार व्हायच्या. बहुतेक माल जस्ताचा मुलामा दिलेला. असा पाइप वर्षानुवर्षं गंजत नाही. गंजतो तो जोडणारा माणूस, पण त्याची हमी गिऱ्हाईक मागत नाही. मुलाम्यावर वेल्डिंगची कांडी टेकली की पांढराशुभ्र धूर उठायचा आणि त्यातून कापसासारखे पुंजके तरंगत खाली यायचे. बघायला सुंदर. नवा माणूस कामाला आला की पहिल्या दिवशी मान वर करून बघत राहायचा. दुसऱ्या दिवशी तो आजारी असायचा.

मालक दयाळू होते. चहाच्या सुट्टीत प्रत्येक वेल्डरला पेलाभर दूध मिळायचं, फुकट. दुधानं धूर मरतो, असं मालकांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं, आणि वडील स्वतः कधी शेडमध्ये पाऊल टाकत नसल्यामुळे त्यांना धुराचा त्रास झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पुरावा झाला. पोलादचा या दुधावर पूर्ण विश्वास होता. तो ते एका दमात प्यायचा, ओठ पुसायचा आणि म्हणायचा, "चला, छाती धुऊन निघाली."

पुढे मालकांच्या मुलीचं लग्न झालं आणि कारखान्याला जावईबापू मिळाले. त्यांना आधी खरेदीत बसवून पाहिलं, मग विक्रीत. दोन्हीकडे नुकसान झालं. शेवटी त्यांना सुरक्षा अधिकारी केलं. सुरक्षा हे खातं असं होतं की तिथे कुणाचं नुकसान झालंच तरी ते मालकांचं नसायचं.

जावईबापूंनी काम मनावर घेतलं. एक मोठं गिऱ्हाईक माल घेण्याआधी कारखान्याची पाहणी करणार होतं. त्यांच्या स्वागतासाठी भिंतीवर फलक लागले: 'तुमचा श्वास, आमचा विश्वास.' कपाटाएवढा निळा पंखा आला, धूर बाहेर फेकणारा. तो मागच्या भिंतीवर मोठ्या दिमाखात बसवला. एवढंच झालं की पंख्यामागे भिंत तशीच राहिली. भोक पाडायला गवंडी आला होता, पण धुळीनं नव्या फलकांची वाट लागली असती म्हणून जावईबापूंनी त्याला परत पाठवलं. पूर्वी धूर वर जाऊन पत्र्याखाली गुमान बसायचा. आता पंखा लावला की तो शेडभर फिरून सगळ्यांची विचारपूस करू लागला.

मास्कही आले. चांगले, दोन्ही गालांवर गाळण्या असलेले. पाहणीच्या दिवशी सगळ्यांना वाटले, सगळ्यांचे फोटो काढले, आणि पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडताच परत गोळा करून कपाटात ठेवले.

"वापरून खराब होतील," जावईबापू म्हणाले.

घासकामाचं मशीन चालवणारी मावशी हातातला मास्क सोडेना. तिला सगळेच मावशी म्हणत, तिच्याहून मोठे असलेले मालकसुद्धा. "साहेब, मग हे घ्यायचे कशाला?"

"मावशी, आणीबाणीसाठी."

"आणि आणीबाणी आली की कपाटाची किल्ली कुणाकडे?"

"माझ्याकडे. मी असतो ना इथेच, सकाळच्या वेळी."

पोलाद मात्र खूश होता. त्याला मास्क नकोच होता. "मास्क लावून वेल्डिंग म्हणजे छत्री घेऊन आंघोळ," तो म्हणाला आणि सगळे हसले. जावईबापू सगळ्यांत मोठ्यानं हसले. पुढे कुणी मास्क मागितला की ते पोलादचा दाखला देऊ लागले: "बघा, आपला सगळ्यात जुना माणूस. त्याला लागतो का?" पोलादची छाती फुगायची. हल्ली ती फुगताना आतून शिट्टी वाजायची, पण मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू येणार!

मग एका सोमवारी टाकीचं काम निघालं. भलीमोठी टाकी, आतल्या बाजूनं जोड मारायचा. माणूस आत जाईल एवढं एकच तोंड. टाकी दुपारनंतर ट्रकवर चढलीच पाहिजे, असं जावईबापूंनी गिऱ्हाइकाला परस्पर कबूल करून टाकलं होतं.

"आत एकदम कोंडणार," मावशी म्हणाली. "तोंडाशी निदान टेबलपंखा तरी लावा."

"पोलाद आहे तो," जावईबापू म्हणाले.

नाकावर रुमाल बांधून पोलाद आत शिरला. आत ठिणगीचा उजेड आणि पांढरं धुकं, बाकी काही नाही. मध्येच त्याला वाटलं की बाहेर यावं, चार श्वास घ्यावेत. पण बाहेर सगळे उभे होते, आणि आजवर टाकीतून अर्ध्यावर बाहेर आलेल्यांची त्यानं इतकी टिंगल केली होती की आता तोंडातून डोकं काढायची सोय उरली नव्हती. जोड पूर्ण करूनच तो बाहेर आला. भुवयांवर, पापण्यांवर पांढरी पूड. दुपारभरात म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. जावईबापूंनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हात पुसून टाकला.

त्या संध्याकाळी ताप नेहमीसारखा आला, पण एकटा आला नाही. सोबत खोकला होता, आणि खोकल्यानंतर श्वास आत घ्यायला जागाच सापडत नव्हती. तो उशीला टेकून बसून राहिला. आडवं झालं की छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं व्हायचं. सकाळ झाली. ताप गेला नाही. बायको चहा घेऊन आली, आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली.

तिनं टोमणा मारला नाही, तेव्हा तो खरा घाबरला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, झोप न झालेल्या. त्यांनी पाठीवर नळी लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं, मग विचारलं, "काम काय करता?"

"वेल्डिंग."

"सुट्टीनंतर कामावर गेलं की त्या संध्याकाळी ताप येतो का? थंडी वाजून? आणि तोंडात धातूची चव?"

नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं. बायको म्हणाली, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. जस्ताच्या धुराचा ताप आहे हा, वेल्डर लोकांचा जुना पाहुणा. आठवडाभर रोज धूर खाऊन शरीर सोसायला शिकतं, सुट्टीत विसरतं, आणि सोमवारी पुन्हा पहिल्यापासून."

"म्हणजे खराच ताप होता?" बायकोचा आवाज खाली गेला.

"खराच."

आणि पोलाद, ज्याला धड श्वास घेता येत नव्हता, तो खुर्चीत ताठ झाला आणि विजयानं म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं?" पुढचं वाक्य खोकल्यात गेलं. बायकोनं त्याची पाठ चोळली. ती चोळता चोळता तिनं दुसऱ्या हातानं डोळे पुसले, पण तो जिंकण्यात इतका गुंग होता की त्याला दिसलं नाही.

"तापाचं मला फारसं काही नाही, तो येतो आणि जातो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या वेळी तुम्ही कोंडलेल्या जागेत भरपूर धूर घेतलाय, म्हणून फुप्फुसं सुजलीत. ती सूज उतरेल. पण हा आतला घरघराट आजचा नाही. ही नळी तोंडात धरा, पूर्ण श्वास घ्या, आणि जोरात फुंका."

पोलादनं नळी घेतली. हे काम आपलंच, असं त्याला वाटलं. त्यानं खांदे मागे घेतले, श्वास भरला आणि फुंकला.

"फुंका, फुंका, अजून, अजून..." डॉक्टरीणबाई म्हणत राहिल्या.

अजून काही नव्हतंच. जे होतं ते संपलं होतं. मशीननं छोटीशी टेकडी काढली आणि रेघ खाली बसली. पुन्हा फुंकायला लावलं. टेकडी आणखी बुटकी झाली.

"तुमच्या वयाच्या माणसाची रेघ इथे हवी," त्यांनी बोट वर नेलं. त्या बोटाच्या आणि आपल्या टेकडीच्या मधल्या कोऱ्या जागेकडे पोलाद बघत राहिला.

"पण मी रोज दूध घेतो," तो शेवटी म्हणाला.

"छान. हाडांना चांगलं. दूध जातं पोटात, धूर जातो छातीत. दोघांची गाठ पडणार कुठे?"

"रुमालही बांधतो."

"रुमालानं घाम पुसा. धुराचे कण इतके बारीक असतात की रुमाल आहे हे त्यांना कळतसुद्धा नाही. स्टेनलेसचं काम करता?"

"कधीकधी. स्वयंपाकघरातली टेबलं असतात."

"तो धूर लवकर त्रास देत नाही, पण दुखणं आलं की राहायलाच येतं. दमा होतो, कर्करोगसुद्धा होऊ शकतो. मी घाबरवत नाहीये. जे गेलं ते परत आणता येणार नाही. जे उरलंय ते सांभाळा. धूर तोंडापर्यंत पोचायच्या आत ओढून घेणारा पंखा हवा, आणि चांगला मास्क. नाहीतर काम बदला."

घरी परतताना बायको एवढंच म्हणाली, "पिंपाचं मी उगाच बोलत होते."

"अगं, पिंप तर मी टाळतच होतो," तो म्हणाला. "ताप खरा होता एवढंच."

सूज उतरायला वेळ लागला. पोलाद कामावर परतला तो सरळ जावईबापूंपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मास्क द्या. आणि पंख्यामागे भोक पाडा."

जावईबापूंना धक्काच बसला. आपल्या दाखल्यानंच असं बोलावं? "तू? अरे, तू पोलाद ना!"

"डॉक्टर म्हणतात पत्रा आहे. तोही गंजका."

जावईबापू त्याला मालकांकडे घेऊन गेले. मालकांचं केबिन अंगणाच्या कडेला होतं. खिडकीत एक धिप्पाड कूलर, बाहेरची ताजी हवा ओढून थेट मालकांच्या टकलावर सोडणारा. मालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते ऐकून घेण्यात वाकबगार होते.

"पंखा बसवलाय ना?"

"बसवलाय, पण मागे भिंत आहे, साहेब. धूर जाणार कुठे?"

"तुम्हा लोकांना जितकं द्यावं तितकं कमीच," मालक दुखावून म्हणाले. "दूध दिलं, पंखा दिला. आता भिंत पाडा म्हणता. एवढीच मोकळ्या हवेची हौस असेल तर जा, अंगणात बसून करा वेल्डिंग!"

ते रागानं बोलले होते. पण पोलादला वाटलं, ही तर कामाची गोष्ट आहे. त्यानं शेडमध्ये येऊन मालकांचा हुकूम जसाच्या तसा सांगितला. वायरी लांब होत्या, मशीनला चाकं होती. थोड्याच वेळात सगळे वेल्डर कठडे आणि पाइप घेऊन अंगणात आले. कुठे बसायचं यावर चर्चा सुरू झाली, तेव्हा मावशी बोट दाखवून म्हणाली, "त्या भिंतीशी बसा. तिथे सावली आहे."

सावली तिथे खरंच होती. वर कूलरही होता, पण त्याबद्दल मावशी काही बोलली नाही, आणि तिला कुणी विचारलंही नाही.

दुपारभर काम झकास चाललं. अंगणात वाऱ्याची झुळूक होती, धूर उठायचा आणि जायचा. कुठे जातोय ते बघायला कुणाला सवड नव्हती. पोलादनं मास्क लावला होता. किल्ली सापडत नव्हती म्हणून मावशीनं कपाटाचं कुलूप घासकामाच्या मशीननं कापून दिलं होतं. आत केबिनमध्ये मालक जेवून पाय लांब करून पडले होते. जावईबापू माल बघायला म्हणून घरी गेले होते. कूलरनं आपलं काम चोख केलं. अंगणातली सगळी हवा त्यानं गोळा केली, गार केली, आणि मालकांना अर्पण केली.

संध्याकाळी मालकांना तोंडात किल्ली ठेवल्यासारखं वाटू लागलं.

त्यांना इस्पितळात नेलं, स्वतंत्र खोलीत ठेवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून, शेवटी थोडं संकोचून विचारलं, "आपण वेल्डिंग वगैरे करता का?" जावईबापू इतके काळजीत पडले की दुसऱ्या दिवशी सकाळी ते मालकांच्या खुर्चीत बसून पाहत होते. तेवढ्यात मालक दारात उभे. रात्रीतून ताप उतरला होता. अंगात स्वेटर, डोळे खोल गेलेले. खुर्चीकडे न बघता ते तडक अंगणात आले.

"मी मरणार होतो काल," ते पोलादला म्हणाले. "हाडं मोडून निघाली माझी. काय भयंकर ताप आहे हा!"

"हो साहेब."

"तुम्हाला... तुम्हालाही येतो असा?"

"दर सोमवारी येतो, साहेब."

मालकांनी अंगणातल्या एकेका माणसाकडे नीट पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. पोलादला त्या क्षणी त्यांची दया आली, आणि लगेच स्वतःचाच राग आला.

गवंडी दुपारच्या आत आला. भिंतीला भोक पडलं, फलकांची धुळीनं वाट लागली, आणि पंखा पहिल्यांदा पंख्यासारखा वागला. पुढे प्रत्येक वेल्डरच्या कामापाशी धूर ओढणारी सोंडही आली. मालक आता पाहुण्यांना शेड दाखवताना छातीवर हात ठेवून सांगतात, "हे दुखणं मी स्वतः भोगलंय." ऐकणाऱ्यांना वाटतं की बाकी कुणी भोगलं नसावं. जावईबापूंना सुरक्षेचं एक मोठं बक्षीस मिळालं, आणि त्यानंतर त्यांना हिशेबखात्यात घेतलं. दूध मात्र बंद झालं, कारण डॉक्टरांनीच सांगितलं होतं की त्याचा उपयोग नाही. एवढा एक सल्ला कारखान्यानं त्याच दिवशी अमलात आणला.

सोमवारचे ताप गेले. पोलादची रेघ मात्र जिथे बसली तिथेच बसली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा फुंकायला लावलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "आणखी खाली गेली नाही, हेच मोठं." त्याला वेल्डिंग सोडावं लागलं. आता तो पत्र्यावर खडूनं मापं आखून देतो. दुसऱ्यांनी मारलेले जोड बोटानं चाचपतो, आणि ते बोटाला सापडले की त्याला बरं वाटतं. हे बरं वाटणं चांगलं नाही हे त्याला कळतं. तरी वाटतं.

कुणी मास्क कपाळावर चढवून बसलेला दिसला की तो एवढं बोलतो की माणूस मास्क खाली ओढतो, निदान आपला वैतागलेला चेहरा पोलादला दिसू नये म्हणून तरी. पोलाद हे नाव अजून आहे. आधी लोक ते हसत म्हणायचे. आता जरा जपून म्हणतात, आणि तेच त्याला जास्त लागतं.

परवा दोघं बाजार करून परतत होते. त्यांचं घर चढावर आहे. अर्ध्या वाटेत बायको एकदम थांबली, पिशवी खाली ठेवली आणि गुडघा धरला.

"थांबा हो जरा. गुडघा धरलाय माझा."

तो थांबला. कठड्याला टेकून त्यानं हळूहळू श्वास जमवला. बायको गुडघा चोळत इकडेतिकडे बघत होती, त्याच्याकडे सोडून सगळीकडे.

"कुठला गुडघा?" श्वास पुरल्यावर त्यानं विचारलं.

"हा. डावा."

"मगाशी उजवा चोळत होतीस."

"दोन्ही दुखतात," ती म्हणाली. "तुम्हाला काय करायचंय? झालं का तुमचं?"

"झालं."

"मग उचला पिशवी. हलकी दिलीय तुम्हाला."